दोन वेतांमधले अंतर

नागझिऱ्याच्या तळ्याकाठचे विश्रामगृह वीज नसलेले म्हणून ओळखले जाते. दिवस मावळला की कंदिलाचा उजेड उरतो आणि माणसाचे कान आपोआप मोठे होतात. सांबराचा इशारा, भेकराचे भुंकणे, वानरांची अचानक उठलेली खाकर. गोंदिया जिल्ह्यातल्या या रानात रात्र काढणारा जवळजवळ प्रत्येक जण एकाच प्राण्याची वाट पाहत असतो. त्याच वेळी पायाशी, वाळक्या पानांत, काहीतरी खुडबुडते. तिकडे कोणी वळूनही पाहत नाही. उंदीरच तो!

आजची गोष्ट त्या खुडबुडीची आहे. पण सुरुवात वाघिणीपासून करावी लागेल.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. पुढे २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या. नर नव्हे, माद्या. कारण सरळ आहे. रानात वाघ किती होणार हे नर किती आहेत यावर ठरत नाही. एका वेतानंतर मादी पुन्हा किती दिवसांनी गाभण राहते, यावर ते ठरते. वाघीण सुमारे साडेतीन महिने गाभण असते आणि पिल्ले दीड ते दोन वर्षे तिच्यामागे हिंडतात. ती स्वतंत्र झाल्याखेरीज ती सहसा पुन्हा माजावर येत नाही. म्हणजे दोन वेतांत दोन-अडीच वर्षांचे अंतर. पिल्ले दगावली तर मात्र हे अंतर एकदम आखडते. नवा नर दुसऱ्याची पिल्ले मारतो, त्यामागचे निर्दय गणितही हेच.

आता पानांतल्या त्या मादीकडे वळू. घरातली उंदराची मादी १९ ते २१ दिवस गाभण असते. ज्या रात्री ती विते, त्याच रात्री, फार तर एका दिवसाच्या आत, ती पुन्हा माजावर येते. अंगाखाली डोळे मिटलेली, केस नसलेली गुलाबी पिल्ले दूध पीत असतात आणि पुढच्या वेताचा आरंभ झालेला असतो. वाघिणीची दोन-अडीच वर्षे, हिची एक रात्र.

गाई-म्हशींच्या निमित्ताने मराठीने या विषयाचे शब्द फार नेमके घडवले आहेत. माज, गाभण, वेत, भाकड. जनावर विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘कितवे वेत?’ आणि जाणता असेल तर दुसरा, ‘दोन वेतांत अंतर किती?’ उंदीर मात्र कोणी विकत घेत नसे, म्हणून त्याच्या वेतांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो ठेवला गेला असता, तर गेल्या दोनशे वर्षांतल्या बऱ्याच व्यर्थ खटाटोपातून माणसाची सुटका झाली असती.

तसे पाहिले तर नोंद जुनी आहे, अगदी ॲरिस्टॉटलइतकी. प्राण्यांविषयीच्या त्याच्या ग्रंथात एक प्रसंग येतो: बाजरीसारख्या धान्याच्या रांजणात उंदराची एक गाभण मादी चुकून कोंडली गेली आणि काही काळाने झाकण उघडले तेव्हा आत १२० उंदीर निघाले. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण रांजणाचे तोंड बंद होते, बाहेरून नर येण्याची सोय नव्हती, हे त्या प्रसंगातले खरे मर्म. आतल्याच पिल्लांनी पुढची पिढी घातली. उंदराची पिल्ले पाच-सहा आठवड्यांत स्वतः आईबाप होऊ शकतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही कथा निव्वळ अद्भुत वाटत नाही.

आपल्या मुलखातली सर्वांत बोलकी नोंद १८२६ सालची आहे. वॉल्टर इलियट हा मद्रासचा सनदी अधिकारी तेव्हा धारवाडकडे, म्हणजे ज्याला इंग्रज ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत त्या भागात, नेमणुकीवर होता. पेशवाई बुडून आठ वर्षे झाली होती. इलियटला जनावरांचा नाद. त्याने या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची जी यादी पुढे १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, तीत शेतात राहणाऱ्या एका मऊ केसांच्या उंदराची हकीकत आहे. वडार लोक त्याला ‘मेट्टाड’ म्हणत. प्राणिशास्त्रातल्या त्याच्या नावात आजही तो शब्द जिवंत आहे.

हा उंदीर मोठे बीळ खणण्याच्या भानगडीत पडत नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला ज्या खोल भेगा पडतात, त्यांतच तो संसार थाटतो. पहिला जोरदार पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि आत असलेले असंख्य उंदीर गाडले जातात. निसर्गाने ठेवलेला हा वार्षिक हिशेब. १८२६ च्या हंगामाच्या आरंभी पाऊस नेहमीसारखा पडला नाही. उंदीर वाचले आणि विण्याचे थांबले नाहीत. पेरलेले बी मातीतच फस्त झाले. जे उगवले त्या ज्वारीच्या ताटांवर चढून उंदरांनी कणसे कापून खाली पाडली. शेतेच्या शेते उजाड झाली आणि कुळांना सारा भरणे अशक्य झाले.

मग शेतकऱ्यांनी वडारांना कामाला लावले. इतक्या डझन उंदरांमागे इतके माप धान्य, असा ठराव. वडार त्या कामात तरबेज. त्यांनी उंदीर हजारोंनी मारले. आणि इलियट नोंदवतो की एवढे करूनही उंदरांच्या संख्येत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. त्याच नोंदीत थोडे पुढे त्याने मादी एका वेळी सहा ते आठ पिल्ले देते, एवढे लिहिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट, वेतांमधले अंतर, त्याच्या नोंदीत नाही. इलियटला दोष देण्याचे कारण नाही. शेतातल्या उंदराची दाई होऊन कोण बसणार?

ते काम दुसऱ्याच लोकांनी केले. ज्यांना उंदीर आवडत होते अशांनी.

जपानमध्ये अठराव्या शतकात पांढरे, काळे, ठिपक्यांचे उंदीर पाळण्याची मोठी हौस होती. १७८७ मध्ये तेथे एक छोटे पुस्तक छापले गेले. त्यात कोणत्या रंगाची जोडी लावली असता कोणत्या रंगाची पिल्ले मिळतात याचे मार्गदर्शन होते. (त्याच वर्षी महादजी शिंदे लालसोटला राजपुतांशी झुंजत होते. इतिहास वाचताना अशा दोन पाट्या शेजारी ठेवून पाहिल्या की जग किती रुंद आहे ते कळते.) मेंडेलच्या वाटाण्यांना अजून पाऊण शतकाहून अधिक अवकाश होता. त्या जपानी हौशी लोकांनी जपलेल्या जातींपैकी एक म्हणजे स्वतःभोवती गिरक्या घेणारा उंदीर. कानाच्या आतल्या दोषामुळे त्याचा तोल राहत नाही आणि तो फिरत राहतो. लोकांना ते नृत्य वाटले. हा बिचारा नर्तक युरोपातून पुढे अमेरिकेतही पोहोचला.

तेथे मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅन्बी नावाच्या गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची एक बाई राहत होती. जन्म १८६८. शाळेत शिकवत असे. आजारपणामुळे ते सुटले. कोंबड्या पाळून पाहिल्या, जमले नाही. मग १९०० च्या सुमारास तिने गिरक्या घेणाऱ्या उंदरांची एक जोडी आणली आणि पाळीव प्राणी म्हणून पिल्ले विकायला सुरुवात केली. पुढे गिनीपिग आणि ससेही आले. एके काळी तिच्या आवारात ११,००० हून अधिक उंदीर होते. खायला ओट आणि बिस्किटांचा चुरा, राहायला लाकडी खोक्यांत वाळके गवत. खोकी साफ करायला गावातली मुले, तासाला सात सेंट मजुरी.

पण या बाईचे मोठेपण उंदरांच्या संख्येत नाही, तिच्या वह्यांत आहे. कोणती मादी कोणाची, कधी व्याली, किती पिल्ले झाली, कशाने मेली, याच्या तिने नोंदी ठेवल्या. १९०८ च्या सुमारास काही उंदरांच्या अंगावर तिला विचित्र गाठी दिसल्या. तिने शास्त्रज्ञांना पत्रे पाठवली. लिओ लोब या रोगतज्ज्ञाने त्या गाठी कर्करोगाच्या असल्याचे ओळखले. १९१३ पासून दोघांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केले. काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग फार, काहींना जवळजवळ नाही, हा त्यांचा एक निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट भिडतो: वेतांवर वेत देणाऱ्या माद्यांत त्या गाठी अधिक आढळल्या, ज्यांना नरापासून दूर ठेवले त्यांच्यात कमी, आणि बीजकोश काढून टाकले तर आणखी कमी. पाळीव उंदीर विकणाऱ्या एका बाईच्या वहीने शरीरातल्या स्रावांचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवून दिला होता. १९१८ मध्ये ती वारली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर, ज्याच्या नावात ‘५७’ हा आकडा आहे, तो तिच्याच आवारातल्या ५७ क्रमांकाच्या मादीचा वंश.

आता ग्रॅन्बीहून परळला येऊ. काळ तोच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही वर्षांत या शहराने आणि पुण्याने काय सोसले ते या धाग्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्येच कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले होते, पण त्याचे ऐकायला फारसे कोणी तयार नव्हते. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी हा धागा उचलला. प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर त्यांना उंदरांवरच्या पिसवा सापडल्या. ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’ या विषयावरचे त्यांचे भाषण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

गिनीपिग म्हणजे मूळचा दक्षिण अमेरिकेतला पाळीव प्राणी. ना गिनीचा, ना डुक्कर. त्याची मादी उंदरापेक्षा सावकाश चालते: गाभणकाळ दोन महिन्यांहून अधिक, पिल्ले दोन ते चार, पण जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर केस. मात्र एका बाबतीत ती उंदरीच्याच पंथातली. वितल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते.

१९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले आणि परळच्या आवारात प्रयोगासाठी खास कोठारे बांधली गेली. त्यांत गिनीपिग मोकळे सोडले जात. काहींना प्लेगची लागण केलेली, बाकी निरोगी. काही कोठारांत पिसवा सोडलेल्या, काहींत एकही पिसू नाही याची खात्री केलेली. जमीन मुद्दाम झाडली जात नसे. मलमूत्र, फुटलेल्या गाठींचा पू, त्यातच पडलेले खाद्य. तरीही पिसवा नसलेल्या कोठारात निरोगी प्राणी निरोगी राहिले. जिथे पिसवा होत्या, तिथे जितक्या पिसवा अधिक तितका रोग वेगाने पसरला.

त्या अहवालात एक निरीक्षण असे आहे की ते वाचून थांबावेसे वाटते. प्लेग झालेल्या आईच्या अंगाला बिलगून तिचेच दूध पिणारी पिल्लेसुद्धा, पिसवा नसतील तर, आजारी पडली नाहीत. मांडवी-काळबादेवीच्या ज्या चाळींत लोक स्पर्शाला भ्याले, ज्या काळात आईपासून लेकरे ओढून वेगळी ठेवली गेली, त्या शहरासाठी हे वाक्य काय मोलाचे होते! ते आले तेव्हा साथ सुरू होऊन जवळजवळ दहा वर्षे लोटली होती.

आयोगाने दुसरेही काम केले, अधिक कंटाळवाणे आणि माझगाव-भायखळ्याच्या गल्ल्यांत नाक मुठीत धरून करावे लागणारे. शहरभरातून रोज मेलेले आणि पकडलेले उंदीर प्रयोगशाळेत येत. वर्षभरात लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. माद्यांची पोटे उघडून गर्भ मोजले गेले. गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदराच्या मादीत सरासरी आठच्या आसपास, घरात राहणाऱ्या काळ्या उंदराच्या मादीत पाचच्या आसपास. मादी वर्षाचे बाराही महिने विते, हेही दिसून आले.

म्हणजे १८२६ मध्ये इलियटच्या पानावर जी दोन सत्ये शेजारी असून अनोळखी होती, ती आता एकत्र आली. मारलेल्या उंदरांचा आकडा कितीही मोठा असो, उरलेल्या माद्यांच्या पोटातला आकडा त्याला गिळून टाकतो. उलट, बरेच उंदीर मारल्यावर उरलेल्यांना खाणे आणि जागा मुबलक मिळते. मग त्यांची पिल्ले अधिक जगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस यांनी वस्त्या-वस्त्यांत हे मोजून दाखवले. कचरा आणि आसरा कमी केला तरच उंदीर कमी होतात. मुंबई महापालिकेत आजही रात्रपाळीला काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. त्यांच्या कष्टांविषयी आदर ठेवूनच म्हणावे लागते की त्यांच्या काठीपेक्षा झाकण असलेली कचरापेटी अधिक उंदीर कमी करते.

आता एक बारकावा. तो कळल्यावाचून पांढरे उंदीर पाळू नयेत.

मादी वितल्याच दिवशी गाभण राहिली तर २० दिवसांनी पुन्हा विणार, असा हिशेब मांडला की तो चुकतो. फेर्नां लातास्त या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९१ मध्येच पाहिले होते की दूध पाजणाऱ्या मादीचा गाभणकाळ लांबतो. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हेलन डीन किंग यांनी १९१३ मध्ये पांढऱ्या घुशीएवढ्या मोठ्या उंदरांवर तेच नोंदवले. कारण नंतर उलगडले. अंगावर पिणारी पिल्ले बरीच असतील तर नवे गर्भ गर्भाशयात पोहोचतात, पण रुजत नाहीत. काही दिवस, कधी आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक, ते तसेच थबकून राहतात. वरच्या पिल्लांचे दूध ओसरू लागले की खालचे रुजतात. आईच्या शरीराने स्वतःसाठी काढलेली ही एवढीच सवलत. ज्या भाषेत धाकट्या भावंडाला ‘पाठचा’ म्हणतात, त्या भाषेच्या माणसाला यातली ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा कोणत्याही शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात पांढऱ्या उंदरांची जोडी सहज मिळते. पुढचे बहुतेक घरांत सारखेच घडते. तीन आठवड्यांनी पिल्ले होतात, मुले हरखून जातात, नर त्याच पिंजऱ्यात राहतो. महिन्याच्या आत दुसरे वेत. पहिल्या वेताची पिल्ले अजून आईला लुचत असतात, दुसरी त्यांच्या पायाखाली तुडवली जातात, आईची पाठ हाडांनी वर आलेली दिसते. तीन महिन्यांत घरातले कोणीतरी एक खोके उचलून नाल्याकाठी नेऊन सोडते. मादी विण्याआधीच नराला वेगळा पिंजरा द्यावा, पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आईपासून सोडवावीत, आणि चौथा आठवडा संपण्यापूर्वी नर-मादी पिल्ले निराळी करावीत. इतके केले तरी पुरते. न केल्यास ॲरिस्टॉटलचा रांजण आपल्याच गच्चीत भरतो.

हॅमस्टरची गोष्ट निराळी. त्याचा गाभणकाळ फक्त १६ दिवस, पण पिल्ले अंगावर असेपर्यंत मादी सहसा पुन्हा गाभण राहत नाही. दूध सुटल्यावर काही दिवसांनी माजावर येते. हे अंतर मिळाल्यामुळे तिचे आयुष्य सुखाचे होते असे मात्र नाही. आज घरोघरी दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे एकाच आईचे वंशज आहेत. एप्रिल १९३० मध्ये सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतात खोल खणून इस्राएल अहारोनी यांनी एक मादी आणि तिची ११ पिल्ले बाहेर काढली. काळा आजारावर काम करणाऱ्या सॉल ॲडलर यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते. खोक्यात घातल्यावर भेदरलेल्या आईने जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाचा जीव घेतला. बाकीची वाचावीत म्हणून तिलाच मारण्यात आले. उरलेल्या पिल्लांतलीही काही पळाली, काही मेली. जी राहिली त्या भावंडांच्या जोड्या लावल्या आणि वर्षभरात दीडशेच्या आसपास हॅमस्टर झाले. पुढच्याच वर्षी ॲडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशातून इंग्लंडला नेले. विलायतेच्या वाटेवर असलेल्या त्या खिशातल्या प्राण्यांना आजच्या काचेच्या पेट्यांपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली नाहीत.

परळला पुन्हा यावे लागते, कारण लॅथ्रॉपबाईंच्या वहीचे पुढचे पान तेथेच लिहिले गेले.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. शिक्षण हुजूरपागेत, पुढे फर्ग्युसनमध्ये. वडील तेथेच जीवशास्त्र शिकवत. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत आल्या. डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय.

दरम्यान १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी अमेरिकेत दाखवले होते की उंदरांच्या काही घराण्यांतला स्तनाचा कर्करोग रक्तातून नव्हे, आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. जन्मतःच पिल्ले दुसऱ्या घराण्याच्या आईच्या कुशीत ठेवली तर रोग टळतो. दुधातली ती वस्तू पुढे विषाणू ठरली. या अभ्यासासाठी शुद्ध वंशाचे उंदीर लागतात. म्हणजे सलग २० पिढ्या भावा-बहिणींच्या जोड्या. माणसाच्या २० पिढ्या मागे गेलो तर आपण बहमनी राज्याच्या अखेरीस पोहोचतो. उंदराच्या २० पिढ्या पाच-सात वर्षांत होतात, म्हणूनच एका शास्त्रज्ञाच्या हयातीत हे काम बसते. परळच्या केंद्रात त्या केंद्राच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाणारा ‘आयसीआरसी’ उंदीर असा वाढवला गेला. त्याच्या माद्यांना स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर होत. वंशपरंपरा, स्राव आणि विषाणू या तिघांचा धागा रणदिवे यांनी त्या माद्यांमधून उलगडत नेला.

खानोलकरांच्या पाहणीत पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक दिसला होता. म्हणून १९७१ मध्ये पारशी मातांच्या दुधात उंदरासारखाच विषाणू सापडतो का, याचा शोध घेणारा निबंध ‘नेचर’मध्ये आला, परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट त्याच्या लेखकांपैकी होत्या. काही नमुन्यांत तसे कण दिसले. पण माणसाच्या कर्करोगामागे तोच विषाणू आहे हे काही सिद्ध झाले नाही. आणखी एक तफावत होतीच. उंदरांच्या त्या घराण्यांत वेते अधिक तितका धोका अधिक. स्त्रियांत मात्र १९२६ मध्येच जॅनेट लेन-क्लेपन यांनी दाखवले होते की मूल न झालेल्यांना हा रोग अधिक होतो. उंदराच्या पिंजऱ्यातून थेट माणसाच्या घरात उडी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माणसाच्या घरातला प्रश्न मुंबईत त्याआधीच कोणीतरी विचारला होता. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले. दोन बाळंतपणांत अंतर असावे हे म्हणण्यापायी त्यांची नोकरी गेली, खटले झाले. ज्या शहराने उंदराच्या मादीच्या पोटातले गर्भ एकेक करून मोजले, त्याच शहराला स्वतःच्या घरातल्या बाईच्या वेतांविषयी ब्र काढलेला खपत नव्हता. आज एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाघिणीच्या हिशेबाशी हा आकडा जुळतो, हा निव्वळ योगायोग.

कमल रणदिवे यांनी नंतरच्या काळात नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, तेथल्या बायकांना आरोग्याविषयी सांगितले. आयुष्यभर उंदरांच्या आया आणि त्यांची पिल्ले पाहिलेली ही बाई त्या वाड्या-वस्त्यांत काय पाहत असेल, याची कल्पना करता येते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या वारल्या.

नागझिऱ्याभोवती धानाची शेते आहेत. पीक पिकू लागले की बांधांच्या बिळांत ओंब्या साठू लागतात आणि रानातली रानमांजरे, साप, पिंगळे काठाकडे सरकतात. वाघासाठी झाडांना कॅमेरे बांधलेले आहेत. प्रत्येक वाघिणीचे बछडे मोजले जातात, त्यांना क्रमांक मिळतात. बांधाखालच्या मादीला क्रमांक नाही. पिंगळ्याने काल रात्री तिची दोन पिल्ले नेली. उरलेली चार तिला लुचत आहेत, आणि पोटात पुढची त्यांचे दूध सुटण्याची वाट पाहत थांबली आहेत.